सामानापाशी बसणारी

"तुम्ही दोघी जाऊन या वर. मी बसते सामानापाशी."

माझ्या तोंडून हे इतकं सहज निघून गेलं की काय बोलले ते मलाही उशिरा कळलं. प्रमिला चौगुले वाकून बुटाची नाडी बांधत होती. मुलाचे कॅनव्हासचे बूट साडीखाली घालून आली होती ती. तशीच वाकलेली राहिली आणि मान वर करून म्हणाली, "का? तुला काय धाड भरली आता?"

"काही नाही गं. मी बघितलाय ना गड. तुम्ही बघा निवांत."

"बघितलायस म्हणून तर तुला पुढं घालून आणलंय! तळं कुठं, कमळं कुठं, कोण दाखवणार आम्हाला?"

रेहाना मुजावर तिकडे हसत उभी होती. "शालन, सामान आहे तरी कुठं गं? पिशव्या त्या चहावाल्याच्या खोपटात ठेवल्या आपण. तू राखण कशाची करणार, वडाच्या पारंब्यांची?"

मी खाली बघितलं. खरंच, पायाशी काहीच नव्हतं. मी मात्र वडाच्या पाराशी बूड टेकून, पदर सावरून, अगदी सराईतासारखी बसले होते.

आता खरं सांगायला हरकत नाही, छत्तीस वर्षं झाली त्याला. मी तो हरणगड बघितलेलाच नव्हता. पायथ्याचा वड तेवढा बघितला होता, तोही त्याच्या सात वर्षं आधी, ह्याच पारावर दोन तास बसून. एक होल्डॉल, दोन ट्रंका, फिरकीचा तांब्या, झोपलेला मुलगा आणि गुडघे धरून बसलेल्या सासूबाई, एवढ्यांच्या राखणीला मी होते. वर गेले होते ते आमचे हे.

आमच्या प्रवासाची रीतच ती होती. ह्यांना फिरायची हौस दांडगी. पाटबंधारे खात्यात कारकून माणूस, एरवी दिवसाला चार वाक्यं बोलणार नाही, पण रजा मिळाली की बॅगा काढायचे. देऊळ असलं तर आधी ते जाऊन यायचे, मग मी. पण चढ असला, गड असला, मनोरा किंवा दीपगृह असलं की म्हणायचे, "तू बस सामानापाशी. मी बघून येतो, काही विशेष असलं तर तू जा मग." ते यायचे तोवर गाडीची वेळ झालेली असायची. मग गाडीत खिडकीची जागा मला द्यायचे, नेहमी मलाच, आणि वर काय पाहिलं ते सांगायला लागायचे. काय सांगायचे म्हणून सांगू! घरात मीठ कमी पडलंय हेसुद्धा न बोलणारा हा माणूस गाडीत तासतासभर बोलायचा. हरणगडाचं तर असं सांगितलं होतं की वर मोकळं मैदान आहे, मधोमध तळं, तळ्यात पांढरी कमळं, काठावर पाय सोडून बसलं की वारा असा येतो की डोळे आपोआप मिटतात. मी खिडकीशी बसून ऐकत होते आणि मला सगळं दिसत होतं. माझं काही बघायचं राहिलं असं मला खरोखर कधी वाटलं नाही.

शाळेत सुट्टीनंतर गप्पा निघायच्या तेव्हा मी तेच सांगायचे. फक्त "हे बसले" ऐवजी "आम्ही बसलो" म्हणायचे. एकदा म्हटलं की मग फिरवता येत नाही. मिरजेच्या आमच्या नगरपालिकेच्या शाळेत मला सगळ्या बाया जगप्रवासी समजायच्या. चौगुले बाई आणि मुजावर बाई तर माझ्यापुढे डबा उघडून बसायच्या आणि म्हणायच्या, "माईणकर बाई, ते कमळांचं सांगा ना परत." अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीच्या सुट्टीत प्रमिलानंच टूम काढली की नवऱ्यांना घरी ठेवून आपण तिघींनी जायचं, आणि जायचं ते हरणगडलाच.

घरी सांगितलं तर ह्यांचा चेहरा उतरला. "हरणगड कशाला? महाबळेश्वरला जा. थंड हवा, बाजार आहे, घोडे आहेत."

"घोड्यांना काय करायचंय आम्हाला? त्यांना तळं बघायचंय."

"दिवाळीत पाणी नसतं फार."

"दिवाळीत नसतं तर कधी असतं? आत्ता तर पावसाळा संपला."

दोन दिवस घुमे होऊन बसले. निघायच्या सकाळी स्टँडवर सोडायला आले, पिशवी वर ठेवून दिली आणि खिडकीतून म्हणाले, "वर एवढं काही नाही गं. खालूनच बघा. वाट अवघड आहे, तुम्हाला झेपायची नाही." मला असा संताप आला! स्वतः भारतभर डोंगर चढायचे आणि आम्हाला झेपायचं नाही! मी खिडकीची काच ओढून घेतली.

आणि मग गाडी सुटली. शाळेतल्या "बाई" कृष्णेच्या पुलापाशीच गळून पडल्या. चौगुले बाईची प्रमिला झाली, मुजावर बाईची रेहाना झाली. काय मोकळं वाटलं ते सांगून कळायचं नाही. ह्यांच्याबरोबर प्रवास म्हणजे मी सकाळपासून पाणी प्यायचे नाही. गाडी थांबली तरी उतरायचं कसं, कुठं, कुणाला विचारायचं? दोनदा म्हटलं की हे म्हणायचे, "आत्ताच तर गेली होतीस." इथं कराडच्या पुढं गाडी पंक्चर झाली तर प्रमिलानं तिघींना खाली उतरवलं, उसाच्या फडाच्या बांधाला रेहानानं शाल आडवी धरली आणि एकेकीला सांगितलं, "चल, तुझा नंबर." आम्ही तिघी हसून हसून वाकलो. रस्त्यावरच्या टपरीत मिरचीची भजी खाल्ली, ह्यांना बाहेरचं तळण चालायचं नाही. मुक्कामाला पायथ्याच्या शाळेच्या खोलीत सकाळी उठून एकमेकींच्या वेण्या घातल्या. रेहानानं माझ्या केसांना हात लावला तेव्हा लक्षात आलं, लग्नानंतर माझी वेणी कुणी घातली नव्हती.

एवढ्या आनंदात मला भीती एकच होती. वर गेल्यावर मी काय दाखवणार? तळं कुठल्या बाजूला, वाट डावीकडून की उजवीकडून, मला कशाचा पत्ता नव्हता. येताना चारदा वाटलं सांगून टाकावं. पण प्रमिला गाडीत शेजारच्या बाईला सांगत होती, "आम्हाला गाईडची गरज नाही, ही आमची शालन सगळं फिरलेली आहे." मग कुठल्या तोंडानं सांगू?

"ऊठ," म्हणाली प्रमिला, आणि माझ्या दंडाला धरून तिनं मला पारावरून उठवलंच.

पहिला अर्धा तास बरा गेला. झाडी होती, वाट मळलेली होती, चुकायची सोय नव्हती. मी पुढं, माहीत असल्यासारखी. मग झाडी संपली, एक वळण घेतलं आणि माझे पाय जागच्या जागी थांबले.

समोर डोंगराची धार होती. हातभर रुंदीच्या, दगडात खोदलेल्या पायऱ्या, साठसत्तर तरी असतील, आणि दोन्ही बाजूंना काही नाही. नुसती दरी. धरायला कठडा नाही की साखळी नाही. वारा असा की पदर अंगावर ठरत नव्हता.

"या अल्ला," रेहाना म्हणाली, आणि सरळ खाली बसली. "मला भीती वाटते बाई. माझे पाय बघ कसे लटपटतायत."

"माझे काय नाचतायत होय?" प्रमिला म्हणाली. "शालन, तू गेली आहेस ना आधी? मग तू हो पुढं."

मी पदर कमरेला खोचला. म्हटलं, "मलाही भीती वाटते."

"मग त्या वेळी कशी गेलीस?"

"ह्यांनी हात धरला होता."

बघा, तिथंही मी खोटं बोलले. आणि बोलता बोलता मला ते दिसलंही, हे पुढं, हात मागं केलेला, मी त्यांचा हात धरून चढतेय. इतकं गोड वाटलं ते क्षणभर.

"आता आमचा धर," म्हणून रेहानानं हात पुढं केला. "आणि उभ्यानं कशाला जायचं? बसून जाऊ. कोण बघतंय?"

मग तीन चाळिशीच्या मास्तरणी बुडावर बसून, एकेक पायरी मागं सरकत, गडाकडे पाठ करून वर निघाल्या. प्रमिला आधी, मी मधे, रेहाना शेवटी. माझा एक हात वर प्रमिलाच्या हातात, एक पाय खाली रेहानानं धरलेला. वरून चारपाच कॉलेजची मुलं उड्या मारत उतरत होती. त्यांतला एक म्हणाला, "काकू, शेंगा निवडताय काय?" प्रमिला म्हणाली, "होय रे बाळा, तुझ्या आईनंच पाठवलंय." ती मुलं हसली, आम्ही हसलो, आणि हसताना भीती कुठं गेली कळलं नाही. अर्ध्यावर रेहाना ओरडली, "मी आता वर नाही आणि खाली नाही, इथंच घर बांधते," आणि आम्ही तिला वरून ओढली. पाऊण तासानं दरवाजातून आत पाऊल टाकलं तेव्हा तिघींच्या साड्या मागून लाल मातीनं माखल्या होत्या.

आणि वर काही नव्हतं.

म्हणजे गवत होतं. वाळायला लागलेलं, कमरेएवढं गवत, पडके चौथरे, एक देवीचं ठाणं. आम्ही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो. मी म्हणत होते, "पलीकडं असेल. त्या उंचवट्यामागं असेल." उंचवट्यामागं नुसता वारा होता. देवीपाशी एक पन्नाशीची बाई ताकाची कळशी घेऊन बसली होती. प्रमिलानं तिला विचारलं, "मावशी, तळं कुठं आहे हो?"

"कुठलं तळं?"

"कमळांचं. पांढऱ्या कमळांचं."

ती बाई आमच्या तोंडाकडं बघायला लागली. "हितं तळं न्हाई वं बाई. एक टाकं हाय त्या तिकडं, तेबी शिमग्यापत्तूर आटतं. प्यायचं पाणी मी खालनं डोक्यावर आणती."

"पूर्वी असेल," मी म्हटलं. "सात वर्षांपूर्वी."

"लगीन हून आल्यापासनं ह्याच डोंगरावर हाय मी. पस्तीस वर्सं झाली. कवाच नव्हतं."

प्रमिला हळूच माझ्याकडं वळली. तिच्या कपाळावर घाम होता, गुडघा दुखत होता, मुलाचे बूट चावले होते. "शालन," ती म्हणाली, "काय आहे हे?"

मी खाली गवतात बसले. "मी वर आलेच नव्हते गं. मी खाली बसले होते, सामानापाशी. तळं ह्यांनी सांगितलं होतं मला."

"म्हणजे सहा वर्षं तू आम्हाला थापा मारत होतीस? आम्ही डबा बाजूला ठेवून ऐकायचो! आणि ते दीपगृह? तो विजापूरकडचा मनोरा? ती लेणी?"

"सगळीकडं मी खालीच बसले होते."

प्रमिलानं कपाळावर हात मारून घेतला आणि तोंड फिरवलं. मला रडू आवरेना. बाकी काही नाही, आता ह्या दोघी मला कधी "शालन" म्हणून हाक मारणार नाहीत, परत "माईणकर बाई" होणार मी, एवढंच मनात येत होतं.

रेहाना मात्र त्या गवताकडं बघत उभी होती. ती म्हणाली, "ते राहू दे प्रमिला. शालननं पाहिलं नाही, भाऊजींनी पाहिलं. पण इथं तळंच नाही. मग भाऊजींनी कुठं पाहिलं?"

माझं रडणं तिथल्या तिथं थांबलं. इतका वेळ मी स्वतःच्याच खोटेपणात अडकले होते, हे डोक्यात आलंच नव्हतं. दोन तास. दरवेळी दीड तास, दोन तास. कुठं जात होते हे? सगळीकडं असंच? वीस वर्षं मी ट्रंकांवर बसून वाट बघत होते ती कुणाची?

"दुसरीकडं कुठं जात असतील काय गं भाऊजी?" प्रमिला म्हणाली. बोलल्यावर तिनंच जीभ चावली. पण ऐकायचं ते मी ऐकलं होतं.

ताकवाल्या बाईनं तीन पेले भरले. "कोन? ह्यांचं मालक?" तिनं विचारलं. "दुसरीकडं कुटं जातील? ही धार हाय न्हवं, तितनं मागं फिरत्यात. लई जणं फिरत्यात. बायका तुमच्यागत बसत सरकत, एकमेकीला धरून येत्यात, आरडत हसत. एकला गडीमानूस आला की धारंपाशी हुबा ऱ्हातो, पाय पुढं पडत न्हाई, अन् खाली बायकूला सांगायची लाज. मग बसत्यात कपारीत. तासदीडतास. मी ताक घिऊन यीत असती तर मलाच इचारत्यात, मावशी, वर काय काय हाय?"

"आणि तुम्ही सांगता तळं आहे म्हणून?"

"न्हाई बाई. मी गवत सांगती," ती म्हणाली. "तळं त्यांच्या पदरचं."

रेहाना आधी हसली. मग प्रमिला. मला हसावं की रडावं कळेना, मी दोन्ही केलं. आपल्या माणसाला भीती वाटते हे कळून एवढा आनंद झालेली बाई माझ्याआधी कुणी झाली नसेल. प्रमिलानं शेजारी बसून पेला माझ्या तोंडाला लावला. म्हणाली, "पी. आणि शाळा उघडली की सांगायचं, तळं पाहिलं, कमळं पाहिली. मी पण सांगणार. एवढा गुडघा मोडून आलेय मी, गवत पाहिलं म्हणून सांगू होय?"

उतरताना बसतच आलो. धार संपल्यावर डाव्या हाताला ती कपार होती, एक माणूस पाठ टेकून बसेल एवढी. मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढं, मी आलेच." आत शिरून बसले. दगड गार होता. समोर बघितलं तर पायथ्याचा वड तिथून लख्ख दिसत होता. पारावर बसलेली माणसं दिसत होती, त्यांच्या कपड्यांचे रंगसुद्धा. म्हणजे त्या दिवशी त्या दोन तासांतला बराच वेळ हे इथं बसले होते आणि मी त्यांना दिसत होते. होल्डॉलवर बसलेली, पोराला पदरानं वारा घालणारी, आणि अधूनमधून वर डोंगराकडं बघणारी. मी वर बघत होते की आत्ता ते तळ्याकाठी असतील.

परतीच्या गाडीत दोघींची दोन मतं पडली. प्रमिला म्हणे, "सोडू नकोस. पार सोलून काढ. वीस वर्षं बसवून ठेवलं तुला, काही लाज?" रेहाना म्हणे, "काही बोलू नकोस. पुरुषाला उघडं पाडलं की तो परत कधी बोलत नाही. त्यांचं ते गाडीतलं बोलणं बंद होईल शालन, बघ तू." दोघींचंही खरं होतं. मला रागही आला होता. माझे डोळे, माझे पाय, वीस वर्षांचे डोंगर, सगळं त्यांच्या लाजेपायी खाली बसून राहिलं होतं. आणि ते खिडकीतलं बोलणं जाईल ही भीती त्याहून मोठी होती. माझ्या संसारात जे काही गोड म्हणून होतं, ते बहुतेक तेवढंच होतं.

संध्याकाळी घरी पोचले. ह्यांनी भात आणि पिठलं करून ठेवलं होतं, भात जरा लागला होता. "दमली असशील," म्हणाले, आणि पाट मांडला. गडाबद्दल अवाक्षर नाही. दोन घास खाल्ले, चार घास खाल्ले. मी गाडीत दहा वाक्यं जुळवली होती, त्यांतलं एकही आठवेना. शेवटी म्हटलं, "मी भ्याले हो तिथं."

त्यांचा हात भातात थांबला. "कुठं?"

"त्या धारेवर. पाय उचलेना माझा. मग आम्ही तिघी बसून गेलो, बुडावर. साडीची पार वाट लागली."

"बसून?"

"बसून. रेहानानं माझा पाय धरला होता."

त्यांनी ताटाकडंच बघत भात कालवला. मग विचारलं, "वरपर्यंत गेलात?"

"गेलो."

"मग कळलंच असेल तुला."

"कळलं."

मला वाटलं आता चिडतील, नाहीतर उठून जातील. ते भाताचं एकेक शीत ताटाच्या कडेला लावत बसले. म्हणाले, "लहानपणापासून आहे ते. जिनासुद्धा भिंतीला धरून चढतो मी, तू कधी बघितलं नाहीस. दरवेळी वाटायचं ह्या वेळी जमेल. मग तिथं उभा राहिलो की..."

"मग मला का नाही नेलंत बरोबर? दोघं बसून गेलो असतो की!"

तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तू बरोबर असतीस तर मी वर गेलो असतो शालन, धरून धरून गेलो असतो," ते म्हणाले. "पण तुझ्यादेखत, भ्यालो म्हणून, मला खाली बसता आलं नसतं."

मी ताटं उचलली. त्या रात्री मला त्यांचा राग राहिला नव्हता, एवढं आठवतं.

त्यानंतर आमचे प्रवास बदलले. दोन खांद्यावरच्या पिशव्या, बस्स. ट्रंका माळ्यावर गेल्या. मैत्रिणींबरोबरही मी दरवर्षी जायला लागले, आणि ह्यांच्याबरोबरही. लोक मला विचारतात, कुणाबरोबर जास्त मजा यायची? मजा मैत्रिणींबरोबर, त्यात काय विचारायचं? पण पुढच्याच वर्षीचं एक सांगते, जे मी प्रमिलाला सांगितलं नाही आणि रेहाना आता राहिली नाही.

आम्ही दोघं हरणगडला गेलो. हट्टानं गेलो. रविवार होता, धारेवर माणसांची रांग होती. पहिल्याच पायरीपाशी हे थांबले. तोंड पांढरं पडलं होतं. पण ह्या वेळी त्यांनी माझा हात घट्ट धरला, सगळ्यांदेखत खाली बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "शालन, मला भीती वाटते."

किती वर्षं लागली असतील त्यांना हे एक वाक्य बोलायला! पुढची माणसं वळून बघायला लागली. कुणीतरी हसलं. एका बाईनं तोंडाला पदर लावला. सत्तेचाळीस वर्षांचा, इस्त्रीची पँट घातलेला माझा नवरा पायरीवर बसला होता, आणि खोटं का बोलू, मला लाज वाटली. मी हात सोडला.

एकच क्षण. लगेच परत धरला, त्यांच्या वरच्या पायरीवर बसले, मागं सरकत सरकत आम्ही दोघं वरपर्यंत गेलो. वर जाऊन गवतात बसलो, ताक प्यायलो, ते खूश होते, उतरताना गाणंसुद्धा म्हणत होते. पुढं सतरा वर्षं ते होते आणि त्या क्षणाबद्दल एका शब्दानं कधी बोलले नाहीत. पण हात सुटला तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं होतं. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.